माइकवरची भाकरी

लग्नात आहेर पुकारायचं काम मी सात-आठ वर्षं केलं. आमच्या बारामती-इंदापूर भागात अक्षता पडल्या आणि पंगती बसल्या की मांडवाच्या एका कोपऱ्यात टेबल लागायचं. आहेर करणारे तिथं रांग लावायचे आणि कुणी काय दिलं ते माइकवरून सगळ्या मांडवाला ऐकवलं जायचं. त्याची एक रीत होती. आधी पूर्ण नाव, मग गाव, मग नातं, शेवटी वस्तू. ‘कोऱ्हाळे बुद्रुकहून आलेले नवरीचे थोरले मामा, यांच्याकडून पितळी समई, आहेर!’ शेवटचा ‘आहेर’ जरा लांबवायचा. तो माझ्याइतका कुणाला जमत नाही, असं लोक म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं.

लोक या पुकारण्यावर जीव टाकायचे. एकदा एक तात्या जेवता जेवता पानावरून उठून उष्ट्या हातानं टेबलाशी आले.

“अरं, कुकर दिलाय कुकर! तू डबा म्हणलास.”

“चुकलं तात्या, परत घेतो.”

“परत घे. आन गावबी घे. मगाशी गाव गिळलंस तू.”

मी परत घेतलं, तात्या पानावर जाऊन बसले आणि त्यांनी जिलेबी मागितली. माइकवर नाव येणं म्हणजे मान, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की त्याला दुसरी बाजू असेल असं कधी वाटलंच नाही. पुढं जे झालं त्याची सुरुवात या अडाणीपणात आहे. तो माझा होता, म्हणून आधी तो कबूल करतो.

मी बारामतीत एका मंडप-लाऊडस्पीकरच्या दुकानात कामाला होतो. बायको आणि लहान मुलगी यांच्यासह एका खोलीत राहत होतो. गावाकडं, डाळजला, माझी चुलती एकटी होती. मी तिला नानी म्हणायचो. माझी आई मी रांगत असतानाच गेली, तेव्हापासून नानीनंच मला वाढवलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. चुलते वारल्यावरही ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. मग एका पावसाळ्यात बांधावरून घसरून तिचा गुडघा कायमचा अधू झाला आणि खुरपं सुटलं. मी जमेल तसं धान्य पोचवायचो. ‘जमेल तसं’ हा शब्द मी तेव्हा फार वापरायचो. खरं सांगायचं तर दोन-दोन महिने जमायचं नाही, आणि जमत नाही हे तिला सांगायला जाणंही जमायचं नाही.

त्याच सुमाराला बारामतीतल्या एका बड्या माणसानं शिधावाटप सुरू केलं. त्याला सगळे अण्णा म्हणायचे. वय फार नव्हतं, चाळिशीच्या आतलाच असेल, पण खताचं दुकान, ट्रॅक्टरची एजन्सी आणि पुढं निवडणुकीला उभं राहायची इच्छा, एवढं जमलं की अण्णा व्हायला वय लागत नाही. मूळचा सुप्याकडच्या कोरडवाहू गावचा. महिन्यातून एकदा एका मंगल कार्यालयात विधवा आणि म्हाताऱ्या बायांना गहू, डाळ, गूळ, तेल असा शिधा द्यायचा. पहिल्या वेळी गोंधळ झाला, ढकलाढकली झाली. स्पीकर आमच्या दुकानाचाच होता. अण्णानं मला विचारलं, “हे शिस्तीत कसं करायचं रे?”

मी म्हणालो, “अण्णा, आहेरासारखं पुकारू. नाव, गाव घेऊन एकेकीला स्टेजवर बोलावू. माणसाला बरं वाटतं.”

हो, ती कल्पना माझी होती.

अण्णानं तीत फक्त एका गोष्टीची भर घातली. “परिस्थितीबी सांगायची. विधवा, निराधार, जे असेल ते. लोकांना कळलं पाहिजे, खऱ्या गरजवंताला दिलंय.” मग फोटोग्राफर आला. मग तागाच्या जाड पिशव्या आल्या, त्यांच्यावर अण्णाचा हात जोडलेला फोटो छापलेला. मग स्टेजवर एक खुर्ची आली, तिच्यात अण्णाची आई बसायची. डोक्यावरून पदर घेतलेली, कुणाशी न बोलणारी बारीकशी म्हातारी.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून मला दिसायला लागलं होतं की नाव घेतलं की बाया पदर पुढं ओढतात. एक बाई तर आपलं नाव आल्यावर उठलीच नाही. मी तीनदा पुकारलं. शेजारच्या बाईनं तिला ढोसलं तेव्हा ती उठली आणि माझ्याकडं अशी बघून गेली की जणू मी तिचं काही चोरलं होतं. मी मनात म्हणालो, लाजतात, खेड्यातल्या आहेत, होईल सवय.

आणि अशाच एका महिन्यात मी नानीचं नाव यादीत घातलं.

का घातलं? यादी माझ्या हातात होती म्हणून. दर महिन्याचा शिधा तिला परस्पर मिळाला तर माझ्या जिवाची टोचणी थांबेल म्हणून. मी तिला निरोप धाडला की अमुक दिवशी बारामतीला ये, धान्य मिळणार आहे, मी तिथंच आहे. माइकचं सांगितलं नाही. तिला वाटलं, मी बोलावतोय म्हणजे मीच देणार. एसटीनं भिगवणवरून ती आली, अधू पाय ओढत आत आली आणि बायांच्या शेवटच्या रांगेत बसली. मी माइकमागून हात केला. ती हसली. शेजारणीला माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी म्हणाली. बहुधा ‘माझा पोरगा’ म्हणाली असेल.

यादी तिच्या नावापर्यंत आली. अण्णा माझ्या खांद्याशी उभा होता. कागदावर मीच लिहिलेलं होतं. एक क्षण मला वाटलं, ओळ सोडावी. पण यादीची लय लागली होती, आणि लय मोडली की अण्णा बघणार होता. मी वाचलं. तिचं पूर्ण नाव. मुक्काम डाळज, तालुका इंदापूर. विधवा. निराधार.

आवाज अडकला नाही. पंचवीस-तीस वर्षं झाली, पण मला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते. जिनं मला वाढवलं तिला आधार नाही, असं मी, तिचा आधार, स्पीकरवरून खणखणीत आवाजात सांगितलं.

ती उठली. स्टेजच्या तीन पायऱ्या चढायला तिला वेळ लागला. अण्णानं पिशवी हातात दिली आणि म्हणाला, “मावशी, जरा वर धरा. फोटो दिसू द्या की पिशवीवरचा.” तिनं पिशवी वर धरली. फोटोग्राफरनं बटण दाबलं. खाली उतरण्याआधी तिनं खुर्चीतल्या म्हातारीकडं पाहिलं. म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी बाहेर धावलो. नानी एसटी स्टँडच्या वाटेला लागली होती. हातात पिशवी नव्हती, ती तिनं दारातल्या दुसऱ्याच एका बाईला देऊन टाकली होती.

“नानी, अगं पिशवी?”

“मला आधार न्हाय व्हय रं?” ती म्हणाली. चालता चालताच म्हणाली, थांबली नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी धान्याचं पोतं घेऊन डाळजला गेलो. स्वतः विकत घेतलेलं. नानीनं ते उंबऱ्याच्या आत घेऊ दिलं नाही.

“तुझं धान्य नगं. तुझ्या घरी ने.”

“मग खाणार काय?”

“त्ये मी बघंन. तुझ्या हातचं आता मला जात न्हाय.”

ती रागानं बोलत नव्हती. चुलीवर पाणी ठेवावं तितक्या साधेपणानं बोलत होती. ती खरंच काय खाते ते मी पाहिलं. कण्या शिजवलेल्या होत्या, त्याही थोड्या. खुरपायला जाता येत नाही म्हणून शेजारणींच्या शेंगा फोडून देत होती. ती वाळत चालली होती आणि माझं घेत नव्हती. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती : तिनं माझ्या हातचं परत खावं. पण ते कसं मिळवायचं याचा विचार करायच्या ऐवजी मी दुसरंच करत गेलो.

आमच्या घरात अन्न मागण्याची गोष्ट साधी नव्हती. माझे आजोबा गावचे येसकर होते. संध्याकाळी घरोघर हाक देऊन भाकरी गोळा करायची, हे त्यांच्या वाट्याला आलेलं होतं. छप्पन्न साली बाबासाहेबांनी धम्माची दीक्षा दिली. ती घेऊन आल्यावर आजोबांनी येसकराची काठी मोडून चुलीत घातली आणि घरात सांगितलं की आजपासून कुणाच्या दारात हाक द्यायची नाही. नानी तेव्हा नवी नवरी होती. त्या वर्षी घरात काय काय उपास झाले ते ती मला लहानपणी सांगायची, आणि दर वेळी शेवटी म्हणायची, “पर हाक न्हाय दिली.” हे मला ठाऊक होतं. तरी मी तिला बोलावून माइकवरून हाक दिली.

त्या दिवशी उंबऱ्यावर बसून मी तिला अण्णाबद्दल वाईटसाईट बोलत होतो. माझा दोष त्याच्या अंगावर ढकलत होतो. ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, “त्याच्या आईला मी वळखते. तीबी मला वळखती.”

आणि तिनं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात डाळजला काम नव्हतं, म्हणून ती मला घेऊन माहेरी, सुप्याकडं गेली होती. तिथं खडी फोडायचं दुष्काळी काम सुरू होतं. सगळ्या जातीच्या बाया एकाच ढिगावर हातोडा मारत होत्या. सरकारी सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा कोरडा खाऊ, एकाच रांगेत मिळायची, तिला विटाळ नव्हता. त्यात अण्णाची आई होती. नवरा मुंबईकडं काम शोधायला गेलेला, त्याचा पत्ता नव्हता. ती तापानं पडली आणि हजेरी बुडली. हजेरी नाही तर सुकडी नाही. तिच्या भावकीत त्या वर्षी कुणाकडं द्यायला काही नव्हतं. नानीच्या माहेरी थोडा जोंधळा राहिला होता. नानी रोज आपल्यातली अर्धी भाकरी पदरात बांधून न्यायची आणि खडीच्या ढिगामागं त्या मायलेकरांना द्यायची.

“सुकडी सरकारची असती,” नानी म्हणाली. “भाकर आपल्या चुलीवरची. ती आपल्या चुलीची खाल्ली तिनं. पोरानंबी खाल्ली. रडत हुती खाताना. म्हणली, बाय, कुठं बोलू नगंस, मला घरात घ्यायचे न्हाईत. मी म्हणलं, न्हाय बोलत. शब्द दिलाय मी तिला. तूबी कुठं काढू नगंस.”

मी म्हणालो, नाही काढणार.

पण गावातून निघालेली एसटी भिगवणला पोचायच्या आत माझ्या डोक्यात वाक्य तयार झालं होतं.

सूड घ्यायचा ठरला की माणूस किती टवटवीत होतो, हे मी तेव्हा अनुभवलं. मी वेळेवर कामाला जायला लागलो. अण्णाशी नम्रपणे बोलायला लागलो. दोन महिन्यांनी त्याचा सत्कार होता. त्याच्याच माणसांनी त्याला ‘अन्नदाता’ अशी पदवी द्यायचं ठरवलं होतं, मोठा मांडव, फेटे, बाहेरगावचे पाहुणे. माइक अर्थात माझ्याकडं. मी रोज सायकलवरून दुकानात जाताना ते वाक्य मनात म्हणून बघायचो. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा. बायकोनं एकदा विचारलं, “हसताय काय?” मी म्हणालो, काही नाही. रोज दाढी करताना आरशात मी अण्णाचा चेहरा पडलेला बघायचो. दुसऱ्या कशानंही मला इतकं सुख दिलं नसेल. नानी मात्र तिकडं कण्या खात होती, आणि त्या दोन महिन्यांत मी एकदाही तिच्याकडं गेलो नाही.

सत्काराच्या दिवशी मांडव भरला. पुढं पाहुणे, मागं शिध्यासाठी बोलावलेल्या बाया. खुर्चीत अण्णाची आई. मानपत्र वाचून झालं. त्यात अण्णाच्या दातृत्वाला समुद्राची उपमा होती. शाल, श्रीफळ, फेटा झाला. मग हार आणि भेटी सुरू झाल्या आणि मी त्या आहेरासारख्या पुकारायला लागलो. अमुक गावचे सरपंच, शाल, आहेर. तमुक सोसायटीचे अध्यक्ष, मूर्ती, आहेर. टाळ्या पडत होत्या. आणि त्याच लयीत, त्याच आवाजात मी पुढचं घेतलं.

नानीचं पूर्ण नाव. मुक्काम डाळज, तालुका इंदापूर. आमच्या वस्तीचं नाव, मुद्दाम, म्हणजे कुणाची चूल ते सगळ्यांना कळावं. “यांच्याकडून, बहात्तरच्या दुष्काळात, खडीच्या कामावर, अन्नदात्या अण्णांना आणि त्यांच्या मातोश्रींना, रोज अर्धी भाकरी,” आणि मग लांबवून, “आहेर!”

दोन-चार टाळ्या पडल्या, सवयीनं. मग त्या थांबल्या. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. एक पाहुणा शेजाऱ्याला विचारत होता, “काय म्हणाला? कुणाची भाकरी?” आणि शेजारी त्याला समजावून सांगत होता. मी अण्णाकडं पाहिलं. दोन महिने आरशात जो चेहरा बघितला होता तोच होता. त्याहून सरस होता. ते आठवून मला आजही बरं वाटतं. लिहिताना लपवण्यात अर्थ नाही.

मग मी खुर्चीकडं पाहिलं. म्हातारी उभी राहिली होती. तिनं पदर पुढं ओढला, अगदी तसाच, जसा त्या सगळ्या बाया ओढायच्या. स्टेजच्या पायऱ्यांकडं ती एकटीच चालत गेली. तिला कुणी हात दिला नाही, कारण सगळे अण्णाकडं बघत होते. तीन पायऱ्या उतरायला तिला वेळ लागला.

माइक कुणीतरी हिसकावून घेतला. अण्णाच्या दोघा माणसांनी मला मांडवामागं नेऊन बडवलं. दुकानाच्या मालकानं तिथंच सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. मी फाटक्या सदऱ्यानं स्टँडवर जाऊन चहा प्यायलो, आणि चहा गोड लागला. म्हातारीची पाठ डोळ्यांसमोर येत होती, ती मी बाजूला सारत होतो. मी डाळजची एसटी धरली. नानीला सांगायला. मला वाटत होतं, आता ती मला जेवायला वाढेल.

बातमी माझ्या आधी पोचली होती. शिध्याला गेलेल्या डाळजच्याच दोन बाया रिकाम्या हातांनी परत आल्या होत्या, कारण अण्णानं वाटप तिथल्या तिथं बंद करून सगळ्यांना हाकलून दिलं होतं. नानी दारात शेंगा फोडत बसली होती.

“ये अन्नदात्या,” ती म्हणाली.

मी काही बोलणार तोच ती म्हणाली, “त्यो काय करतुया? देतुया आन गावाला सांगतुया. तू काय केलंस? माझं देणं गावाला सांगितलंस. त्यो त्याचं त्वांड दाखवतो पिशवीवर, तू माझं दाखवलंस. दोघात फरक काय, सांग मला.”

“नानी, त्यानं तुला...”

“त्यानं मला काय केलं त्ये मी बघितलं असतं. तिनं चोरून खाल्ली, मी चोरून दिली. चोवीस वर्सं त्या म्हातारीला म्हायती हुतं की एक बाई हाय आन ती त्वांड उघडत न्हाय. त्येवढाच माझा मोठेपणा हुता. त्यो तू इकून आलास.”

तिनं शेंगांची टोपली बाजूला सारली आणि म्हणाली, “आन ह्या बायांनी आता खायाचं काय? तुझा आहेर?”

त्या दोन बायांपैकी एक तिथंच ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या नानी, पोरगं मार खाऊन आलंय.”

“आजून थोडा खाल्ला असता तर बरं झालं असतं,” नानी म्हणाली.

गिरणीची कल्पना नानीची. डाळजला एका म्हाताऱ्या तात्यांची पिठाची गिरणी होती. मला बारामतीत काम उरलं नव्हतं. मी बिऱ्हाड उचलून गावी आणलं आणि तात्यांच्या गिरणीत राबायला लागलो. डबे उचलायचे, धान्य ओतायचं, पट्टा घसरला तर बसवायचा. नानीनं तात्यांना निरोप धाडला तो असा : गिरणीत येणाऱ्यानं दळणातून ओंजळभर धान्य कोपऱ्यातल्या पिंपात टाकायचं, ज्याला टाकायचं असेल त्यानं. आणि जिच्या घरात धान्य नाही तिनं रिकामा डबा, वर फडकं बांधून, बाकीच्यांसारखाच आणून ओळीत ठेवायचा. दळणाऱ्यानं पिंपातलं धान्य घालून दळून द्यायचं. विचारायचं काही नाही.

तात्या म्हणाले, “आन कुणी लबाडी केली तर? घरी धान्य असून रिकामा डबा आणला तर?”

मी तो प्रश्न नानीकडं नेला. ती म्हणाली, “आणू दे. तात्यांना म्हणावं, पीठ समद्यांचं पांढरंच असतं.”

गिरणीत इतका आवाज असतो की तिथं कुणी कुणाचं नाव घेत नाही, डब्यांकडं बोट दाखवायचं असतं. मी दिवसभर तोंड बंद ठेवून पिठानं माखून उभा असायचो. एखादा डबा उचलला की हलका लागायचा. मग मी पाठ करून तो पिंपाकडं न्यायचो आणि भरायचो. बाया ओळीत एकमेकींशी हातवारे करत उभ्या असायच्या, सुनांच्या तक्रारी खाणाखुणांनी सांगायच्या. त्यांतली कोण रिकामा डबा घेऊन आली आहे हे तिच्या शेजारणीलाही कळत नसे. कुणाचा पदर पुढं ओढलेला मी तिथं कधी पाहिला नाही.

नानीचा डबा मात्र त्या ओळीत कधी आला नाही. मी दर आठवड्याला माझ्या मजुरीतल्या जोंधळ्याचं पीठ तिच्या घरी नेऊन ठेवायचो. ती ते उतरंडीशी तसंच राहू द्यायची आणि पुढच्या आठवड्यात शेजारी कुणाला तरी देऊन टाकायची. बोलायची, नातीला मांडीवर घ्यायची, माझ्या बायकोला कालवण कसं करायचं ते सांगायची. माझ्या हातचं खायची नाही.

चार-पाच महिन्यांनी अण्णाला गिरणीचा सुगावा लागला. निवडणूक जवळ आली असावी. त्यानं जीपमधून दहा पिशव्या गहू पाठवला, त्याच त्या तागाच्या पिशव्या, त्याच्या हात जोडलेल्या फोटोच्या. सोबत निरोप होता की पिशव्या गिरणीच्या दाराशी दिसतील अशा मांडाव्यात. मी ड्रायव्हरसमोर गहू पिंपात ओतला आणि नऊ पिशव्या उलट्या करून, फोटो आत जाईल अशा, त्याच्या हातात परत दिल्या.

“एक कमी हाय,” ड्रायव्हर म्हणाला.

“ऱ्हाऊ दे आमाला आठवण,” मी म्हणालो.

ती दहावी पिशवी मी उसवून सपाट केली, कडेनं दोरा घातला आणि नानीच्या दारात पायपुसणं म्हणून टाकली. फोटो वर. नानी बाहेरून आली. तिनं खाली पाहिलं. मग पाय दोनदा पुसले.

तेव्हा मला समजलं की राग तिलाही होता, माझ्याइतकाच. फक्त तो कुणावर काढायचा आणि कुणाला त्यातून वगळायचं, हे तिला कळत होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी नानीच्या दाराशी जीप उभी राहिली. त्या दिवशी गिरणीला सुट्टी होती, मी तिच्या अंगणात चुलीसाठी काटक्या मोडत होतो. जीपमधून अण्णाची आई उतरली. एकटी. मी पुढं होऊन वाकलो आणि म्हणालो, “आई, मी त्या दिवशी...”

तिनं माझ्याकडं बघितलं देखील नाही. बरोबरच केलं.

नानी दारात आली. तिनं म्हातारीला पाहिलं, मग खाली वाकली, अधू गुडघ्यावर हात देऊन, आणि पायपुसणं झटकन उचलून घडी करून आत ठेवलं. मग म्हणाली, “ये बाय.” आणि मला म्हणाली, “तू भाईरच बस.”

मी बाहेर बसलो. आतून बोलणं ऐकू येत होतं पण शब्द लागत नव्हते. त्या दोघी काय बोलल्या ते नानीनं मला मरेपर्यंत सांगितलं नाही. सांगण्यासारखा मी राहिलो नव्हतो. थोड्या वेळानं काटवटीत पीठ मळल्याचा, मग भाकरी थापल्याचा आवाज आला. मग जोंधळ्याच्या भाकरीचा वास. मी ओट्यावर बसून तो वास घेत राहिलो. घरात पीठ एकच होतं. मी चार दिवसांपूर्वी ठेवलेलं.

म्हातारी बाहेर आली तेव्हा तिचा पदर खांद्यावर होता. ड्रायव्हरदेखत, शेजारच्या ओट्यावरच्या बायांदेखत तिनं नानीच्या हातातून फडक्यात बांधलेली उरलेली भाकरी घेतली आणि जीपमध्ये बसली.

जीप वळून हायवेकडं गेली. नानी आत गेली आणि ताटलीत भाकरी आणि ठेचा घेऊन आली. एक माझ्यासमोर ठेवली, एक स्वतः घेतली. आम्ही ओट्यावर बसलो. तिनं तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो.

“बघतुस काय? खा,” ती म्हणाली. “तुझं पीठ घ्येतलं. पाव्हणी आली म्हणून घ्येतलं. तुला माफ केलं म्हणून न्हाय.”

“व्हय नानी.”

खाऊन झाल्यावर तिनं ताटल्या उचलल्या, आत गेली, आणि घडी केलेलं ते पायपुसणं आणून दारात जिथल्या तिथं पसरलं. फोटो वर. त्यावर उजवा पाय पुसला, मग अधू पाय सावकाश पुसला, आणि मला म्हणाली, “पूस तूबी.”